झिणझिण्या देणारा खांब

नमस्कार श्रोतेहो.

काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यातल्या एका पहाटे नागपुरातल्या आमच्या वस्तीच्या चौकात, पथदिव्याच्या लोखंडी खांबाशेजारी एक गाय मरून पडलेली दिसली. रात्रभर पाऊस झाला होता आणि खांबाच्या बुडाशी वीतभर पाणी साचले होते. मी विद्युत अभियांत्रिकी शिकवण्यात आयुष्य घालवले आहे, त्यामुळे काय घडले असावे याचा अंदाज मला लगेच आला. परंतु समोरच्या पानठेलेवाल्याने जे सांगितले, ते आजही माझ्या मनातून जात नाही. तो म्हणाला, "सर, दोन दिवसांपासून त्या खांबाले हात लावला का मुंग्या येऊन राहिल्या होत्या." त्याच्याप्रमाणेच आणखी तीन-चार जणांना हा अनुभव आला होता. प्रत्येकाने हात झटकला, खांबापासून थोडे दूर उभे राहायचे ठरवले आणि विषय तिथेच सोडला. त्याच खांबाच्या पलीकडे शाळेच्या मुलांची रिक्षा थांबत असे.

आज मी आपल्याशी त्या मुंग्यांविषयी, म्हणजे खांबात उतरलेल्या विजेविषयी, बोलणार आहे.

खांबात वीज उतरते कशी, हे आधी समजून घेऊ. खांबाच्या पोटातून दिव्याकडे जाणारी तार उन्हाने, घर्षणाने किंवा उंदरांच्या दातांनी सोलली जाते आणि लोखंडाला टेकते. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा लोखंडी खांबाच्या आतले तारांचे आवरण किती तापत असेल आणि त्याला किती लवकर तडे जात असतील, याची कल्पना करा. उन्हाळ्यात त्या खांबाभोवतीची जमीन कोरडी असते, आपल्या पायांत चपला असतात आणि आपली त्वचाही कोरडी असते, म्हणून दोष लपून राहतो. पहिला मोठा पाऊस झाला की या तिन्ही गोष्टी एकाच वेळी ओल्या होतात. म्हणजे दोष बहुधा पावसाच्या आधीपासून तिथे असतो आणि पाऊस तो उघडा पाडतो.

इथे अनेकांना एक रास्त प्रश्न पडतो. खांबाला अर्थिंग, म्हणजे जमिनीशी जोडणी, दिलेले असते, मग फ्यूज उडायला नको का? याचे उत्तर आकड्यांत देतो, कारण या विषयातला सर्वात घातक गैरसमज नेमका याच ठिकाणी आहे. समजा, खांबाच्या अर्थिंगचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, २० ओहम आहे आणि रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) न्यूट्रलच्या, म्हणजे प्रवाह परतण्याच्या तारेच्या, अर्थिंगचा २ ओहम. २३० व्होल्टची तार खांबाला टेकली, तर मातीतून परतणारा प्रवाह सुमारे साडेदहा अँपिअर होईल. त्या वाहिनीवर १६ अँपिअरचा फ्यूज असेल, तर तो या प्रवाहाने उडणार नाही. दिवा जळत राहील, कोणाला काही कळणार नाही आणि खांब मात्र सुमारे २०९ व्होल्टवर उभा राहील. नुसता खड्डा खणून, त्यात पट्टी पुरून खांब सुरक्षित होत नाही, तो याच कारणाने. खांबापासून रोहित्राच्या न्यूट्रलपर्यंत धातूची अखंड वाट असेल, तर त्या वाटेचा रोध एखाद्या ओहमच्या आसपास राहतो, प्रवाह शेकडो अँपिअरवर जातो आणि फ्यूज क्षणात उडतो. ही वाट एखाद्या गंजलेल्या नटबोल्टपाशी तुटलेली असली, तरी बाहेरून खांब अगदी धडधाकट दिसतो.

आता आपल्या शरीराकडे पाहू. अंग ओले असताना शरीराचा रोध साधारण हजार ओहमपर्यंत उतरतो, म्हणजे २०९ व्होल्टच्या खांबाला हात लावणाऱ्याच्या अंगातून सुमारे २०० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. एका मिलिअँपिअरच्या आसपास मुंग्या जाणवतात, दहा-पंधराच्या पुढे स्नायू आखडून हात सोडवता येत नाही आणि पन्नासच्या पुढचा प्रवाह सेकंद-दोन सेकंद छातीतून गेला, तर हृदयाची लय बिघडू शकते. घरातली सुरक्षा कळ (आरसीसीबी) ३० मिलिअँपिअरच्या गळतीला बंद होते, ती याच हिशेबाने. हे लक्षात घेतले, की त्या पानठेलेवाल्याच्या मुंग्यांचा अर्थ वेगळा दिसू लागतो. कोरड्या चपलेने त्या दिवशी त्याला वाचवले होते. खांबातला दाब, म्हणजे व्होल्टेज, बहुधा गाय मेली त्या रात्रीइतकाच होता.

गाय का मेली आणि माणसे का वाचली, हेही यातूनच कळते. जमिनीत वीज उतरते तेव्हा खांबापासून दूर जाताना दाब झपाट्याने कमी होत जातो आणि जमिनीवरच्या दोन बिंदूंमध्ये फरक निर्माण होतो. आपल्या दोन पावलांत हात-दीड हात अंतर असते. गाईच्या पुढच्या आणि मागच्या पायांत ते दुपटीहून अधिक असते, खुरांना चप्पल नसते आणि त्या दोन जोड्यांच्या मध्ये तिचे हृदय येते. म्हणून खांबाजवळ किंवा रोहित्राजवळ जनावर दगावले, तर "बिचारी गेली" म्हणून गाडी बोलावणे पुरेसे नाही. विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ नुसार विजेच्या अपघातात माणसाप्रमाणेच जनावराचा मृत्यू किंवा इजा झाली, तरी त्याची सूचना विद्युत निरीक्षकाला देणे बंधनकारक आहे. आमच्या चौकातल्या गाईची अशी नोंद झाली की नाही, हे मी त्या वेळी विचारले नाही. विचारायला हवे होते.

आपल्या शहरापुरती एक गोष्ट मला फार काळजीची वाटते. गेल्या काही वर्षांत नागपुरातले अनेक रस्ते सिमेंटचे झाले आणि बऱ्याच ठिकाणी त्यांची उंची वाढली. पूर्वी जमिनीपासून हातभर वर असलेली फिडर पिलरची, म्हणजे वीज वाटून देणारी रस्त्याकडेची, पेटी अशा ठिकाणी रस्त्याच्या पातळीला किंवा त्याखाली आली आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा पाणी किती लवकर चढते ते आपण सर्वांनी पाहिले. रस्ता उंचावताना त्याच कामाच्या अंदाजपत्रकात पेट्या उचलण्याचा खर्च धरला गेला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. पथदिवे महापालिकेकडे, वितरण वाहिन्या महावितरणकडे आणि रस्ता कदाचित तिसऱ्याच यंत्रणेकडे, ही विभागणी कागदावर ठीक आहे. पाण्यातून चालणाऱ्या माणसाला ती ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नाही.

कायदाही या बाबतीत माणसाच्या बाजूने उभा आहे. १९९७ साली, शेजारच्या मध्य प्रदेशात, पावसाचे पाणी साचलेल्या रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेमुळे रात्री सायकलने घरी निघालेला एक कामगार मृत्युमुखी पडला. कोणीतरी चोरून आकडा टाकला होता आणि ती तार निसटली, असा बचाव तिथल्या वीज मंडळाने केला. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली तो फेटाळला. वीजपुरवठ्यासारखे धोक्याचे काम करणाऱ्यावर कठोर दायित्व असते आणि निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही, तरी भरपाई द्यावी लागते, हे त्या निकालाने पक्के केले.

परंतु भरपाई मृत्यूनंतरची. त्याआधी काय करता येते, यासाठी न्यूयॉर्कचे उदाहरण सांगतो. तिथे जानेवारी २००४ मध्ये, बर्फाने भरलेल्या रस्त्यावर कुत्र्यांना फिरवायला निघालेली एक तरुणी विजेच्या पेटीच्या झाकणात उतरलेल्या प्रवाहाने गेली. त्यानंतर तिथल्या राज्य आयोगाने रस्त्यावरच्या विद्युत साहित्याची भटक्या, म्हणजे गळून धातूत उतरलेल्या, विजेसाठी ठरावीक काळाने तपासणी बंधनकारक केली आणि रस्तोरस्ती मोजणी करणारी वाहने फिरू लागली. आपल्याकडे इतकी महागडी वाहने नसली, तरी मे महिन्यात प्रत्येक लोखंडी खांबाचा जमिनीशी असलेला दाब व्होल्टमीटरने मोजणे, न्यूट्रलपर्यंतची धातूची वाट अखंड आहे की नाही ते तपासणे, आणि पथदिव्यांच्या पेटीत गळती ओळखून पुरवठा तोडणारी कळ बसवणे यांत अवघड असे काहीच नाही. मोजलेला आकडा आणि तारीख खांबावर रंगाने लिहावी. खिशातल्या टेस्टरवर मात्र या कामासाठी विसंबू नये. भर उन्हात त्याचा दिवा दिसत नाही आणि रबरी चपला घातलेल्या माणसाच्या हातात तो धड पेटत नाही.

पोळा, मारबत, गणेशोत्सव आणि नवरात्र हे सण पावसाच्या ओलीतच येतात. मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की रोषणाईसाठी अधिकृत तात्पुरती जोडणी घ्यावी, मंडपाचे लोखंडी पाइप आणि टिनाचे पत्रे अर्थ करून घ्यावेत, मुख्य कळीपाशी ३० मिलिअँपिअरची सुरक्षा कळ लावावी आणि खिळ्याने ठोकलेली किंवा चिकटपट्टीने जोडलेली तार कुठेही ठेवू नये. मिरवणुकीतल्या उंच मूर्तीपुढे तारा वर उचलायला ओला बांबू घेऊन चढणाऱ्या मुलाला खाली उतरवावे आणि लाइनमनला बोलवावे.

आता, आपल्याला खांबाला हात लागून मुंग्या आल्या तर काय करायचे? पुन्हा हात लावून खात्री करू नका. १९१२ या क्रमांकावर फोन करा, खांबाचा क्रमांक किंवा शेजारच्या दुकानाची खूण सांगा, "खांबात करंट आहे" असे स्पष्ट शब्दांत सांगा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. लाइनमन येईपर्यंत तिथे कोणीतरी थांबा. दूर ठेवलेली एखादी खुर्ची आणि तिला बांधलेले लाल फडके यांनीही मुले अडतात. तार तुटून पडली असेल, तर निदान तीस फूट लांब राहा. कोणी चिकटलेला दिसला, तर त्याला हाताने ओढू नका; आधी पुरवठा बंद करवा. पुरवठा तुटल्यावर श्वास थांबलेला असेल, तर १०८ ला फोन लावून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, सुमारे दोन इंच खोल दाब देत राहा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका.

आमच्या चौकातला तो खांब दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. आतली तार बुडापासून हातभर उंचीवर सोललेली निघाली. रिक्षा आता रस्त्याच्या पलीकडे, कडुलिंबाखाली थांबते आणि पानठेलेवाल्याने १९१२ हा आकडा आपल्या पाटीच्या कोपऱ्यात खडूने लिहून ठेवला आहे. पावसाने पुसला, की तो पुन्हा लिहितो.

नमस्कार.