चारशे नव्वद डॉलर कुणाच्या तिजोरीत जातात?

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडे दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली खटला होतो. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कोर्टानं केलेला दंड राज्याच्या तिजोरीत जातो. ज्या शहरात गुन्हा घडला त्या महापालिकेच्या हाती त्यातलं काही पडत नाही. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात मात्र अशा चालकानं भरलेल्या ४९० डॉलर फीची वाटणी होते, आणि ती कशी होते हे समजून घेण्याजोगं आहे. पोर्टलंडजवळच्या बीव्हरटन, हिल्सबरो भागात पुष्कळ मराठी घरं आहेत, त्यांच्यासाठी तर हा अगदी दाराशी आलेला विषय आहे.

ऑरेगनमध्ये पहिल्यांदा पकडल्या गेलेल्या चालकाला कायदा एक वाट देतो. तिला 'डायव्हर्जन' म्हणतात. कोर्टात पहिल्यांदा हजर झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. मागच्या १५ वर्षांत असा गुन्हा किंवा असं डायव्हर्जन झालेलं नसावं, व्यावसायिक वाहनाचा परवाना नसावा, अपघातात दुसऱ्या कुणाला इजा झालेली नसावी. अर्जासोबत गुन्ह्याची कबुली द्यावी लागते, किंवा 'मी आरोपाला आव्हान देत नाही' असं तरी लिहून द्यावं लागतं. मग वर्षभर दारूपासून लांब राहायचं, व्यसनाच्या तपासणीत सांगतील ते उपचार पूर्ण करायचे, अपघातग्रस्तांचे अनुभव ऐकायच्या सभेला जायचं, आणि बहुतेकांना गाडीत फुंकणीचं यंत्र बसवावं लागतं. त्यात फुंकून श्वास स्वच्छ निघाला तरच इंजिन सुरू होतं. सगळं नीट पार पडलं की आरोप रद्द करण्याचा अर्ज द्यायचा.

डायव्हर्जनच्या अर्जाची फी ४९० डॉलर. आता ती कुणाची, हे ठरतं कोणत्या कोर्टाच्या खिडकीवर पैसे भरले यावरून.

ऑरेगनमध्ये तीन तऱ्हेची कोर्टं असे खटले चालवतात. सर्किट कोर्ट राज्याचं. म्युनिसिपल कोर्ट शहराचं. जस्टिस कोर्ट काउंटीचं. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा घटक. अर्ज सर्किट कोर्टात झाला तर पूर्ण ४९० डॉलर राज्याच्या 'क्रिमिनल फाइन अकाउंट'मध्ये जमा होतात. गुन्हेगारी खटल्यांतून येणाऱ्या दंडाचं ते एकत्रित खातं आहे. गुन्ह्यात बळी पडलेल्यांची भरपाई, पोलिसांचं प्रशिक्षण असे खर्च त्यातून निघतात. पण अर्ज शहराच्या किंवा काउंटीच्या कोर्टात झाला, तर २९० डॉलर राज्याच्या महसूल खात्याकडे पाठवायचे आणि उरलेले २०० डॉलर शहराच्या किंवा काउंटीच्या खजिनदाराकडे ठेवायचे.

इथवर हिशेब सरळ आहे. गुंता होतो हप्त्यांमुळे. गरीब आरोपीला कोर्ट फी माफ करू शकतं, कमी करू शकतं, हप्तेही बांधून देऊ शकतं. पैसे पूर्ण आले नाहीत तर कायदा सांगतो: आधी राज्याचे २९० भरा. म्हणजे कुणी महिना ४९ डॉलरचा हप्ता बांधून घेतला, तर पहिले पाच हप्ते पूर्ण राज्याचे. सहाव्यातले ४५ राज्याला आणि जेमतेम ४ डॉलर शहराला. शहराची खरी मिळकत सातव्या हप्त्यापासून सुरू होते. सहा हप्त्यांनंतर माणूस थांबला तर राज्याचे २९० पूर्ण, शहराकडे फक्त ते ४ डॉलर. कारकुनाचं काम, न्यायाधीशाचा वेळ, वर्षभर अटी पाळल्या जातात की नाही याची देखरेख, हे सगळं मात्र शहराच्याच खर्चानं होतं. ही क्रमवारी छोट्या शहरांवर अन्याय करते, असं आमचं स्पष्ट मत आहे. निदान आलेल्या रकमेत २९०ला २०० या प्रमाणात वाटणी व्हायला हवी.

याच ठिकाणी हिशेबाची एक चूक व्हायला वाव असतो. कारकून आलेला हप्ता प्रमाणात वाटून नोंदवतो, किंवा अख्खे ४९० एकाच 'फी' शीर्षाखाली टाकतो. मग राज्याचा पैसा शहराच्या सर्वसाधारण निधीत मिसळतो आणि पुढं लेखापरीक्षणात परत करावा लागतो. म्हणून हप्त्याच्या प्रत्येक खात्याला दोन उपखाती हवीत, राज्य आणि स्थानिक, आणि राज्याचं भरेपर्यंत स्थानिक खातं बंद ठेवायचं.

बाकीचे पैसे या वाटणीत येतच नाहीत. तपासणीचे १५० डॉलर थेट तपासणी करणाऱ्या संस्थेला द्यायचे. सभेची फी ५ ते ५० डॉलरच्या मर्यादेत, ती सभा घेणाऱ्यांना. फुंकणीच्या यंत्राचं भाडं कंपनीला, दर महिन्याला. शहराच्या अंदाजपत्रकात यातलं काही शोधू नका.

लुईझियाना राज्यातली गोष्ट याहून चिंतेची आहे. तिथं गरिबांना वकील पुरवणाऱ्या स्थानिक कार्यालयांचा मोठा आधार म्हणजे दोषी ठरलेल्या प्रत्येकाकडून घेतले जाणारे ४५ डॉलर. २०१२ पूर्वी ते ३५ होते. पण डायव्हर्जन झालं की माणूस दोषी ठरतच नाही, त्यामुळे ते ४५ डॉलर येत नाहीत. डायव्हर्जनची फी मात्र जिल्ह्याच्या सरकारी वकिलाच्या कार्यालयाकडे जाते. खटला चालवणाऱ्या बाजूला पैसा वाढतो आणि बचाव करणाऱ्या बाजूचा आटतो. कुणी वाईट हेतूनं वागायचीही गरज नाही; फीचा मार्ग असा आखला की हे आपोआप घडतं. ऑरेगनची वाटणी अपुरी असली तरी आकडे कायद्यात लिहिलेले आहेत, ही तिची जमेची बाजू आहे.

ऑरेगनमधल्या श्रोत्यांसाठी थोडं व्यवहाराचं. समन्सवर कोर्टाचं नाव वाचा आणि पैसे त्याच कोर्टात भरा. प्रत्येक हप्त्याची पावती ठेवा. वर्ष संपायच्या आत फी पूर्ण झाली का हे विचारून घ्या. ती राहिली तर डायव्हर्जन मोडू शकतं, आणि कबुली आधीच कोर्टाच्या हाती असते. मग कमीत कमी १,००० डॉलर दंड आणि वर्षभर परवाना निलंबित. पैशाची अडचण असेल तर माफीचा किंवा हप्त्यांचा अर्ज सुरुवातीलाच द्या, थकल्यावर नको. आणि व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल, तर कबुलीवर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला जरूर भेटा. राज्याच्या कोर्टानं आरोप रद्द केला तरी ती कबुली संघराज्याच्या इमिग्रेशन कायद्यात दोषसिद्धी म्हणून धरली जाऊ शकते.