दर चालतो, भाव चालत नाही

(दृश्य: सकाळ. हैदराबाद रोडवरचं बाजार समितीचं आवार. कांद्याच्या पिशव्यांच्या थप्प्या, लिलावाचा गलका.)

हिवाळ्यात सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याची आवक भरात असते. जिल्ह्यातल्या गाड्यांबरोबर कर्नाटकातला मालही इथे उतरतो. लिलाव होतो, काट्यावर वजन होतं आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. किती नग, किती किलो, क्विंटलला काय भाव, आणि हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा जाता उरलं काय, ते सगळं त्या एका कागदावर.

फेब्रुवारी २०२३ मधली अशी एक पट्टी देशभर गाजली. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने इथे ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला १ रुपया. खर्च वजा जाता उरले २ रुपये ४९ पैसे, आणि चेक मिळाला २ रुपयांचा.

हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ही पट्टी डोळ्यासमोर ठेवावी. इतका कमी आकडा म्हणजे काहीतरी चुकलं असणार, असं प्रोग्रॅमने परस्पर ठरवायचं नाही. आणि जो आकडा आलाच नाही, तिथे स्वतःच्या मनाचा आकडा तर मुळीच भरायचा नाही. आपली गोष्ट या दुसऱ्या मुद्द्याची आहे.

(दृश्य: जुळे सोलापूर. फ्लॅटमधली खोली, दोन लॅपटॉप.)

दोघं मित्र एका आडत दुकानासाठी पट्टीचा प्रोग्रॅम लिहिताहेत, गो या प्रोग्रॅमिंग भाषेत. काट्याजवळच्या मोबाइलवरून प्रत्येक वक्कलाची, म्हणजे एकत्र विकलेल्या मालाच्या थप्पीची, नोंद जेसन स्वरूपात येते. जेसन म्हणजे नुसता मजकूर. महिरपी कंसात नावं आणि त्यांच्यापुढे किमती. प्रोग्रॅमर डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते रूढ केलं, आणि आज जवळपास प्रत्येक ॲप त्यातच बोलतं. त्यात युनिकोड, म्हणजे जगातल्या लिप्यांसाठीची सामाईक अक्षरयादी, चालतं, म्हणून या दोघांनी नावं मराठीतच ठेवली: नग, वजन, भाव.

गो ही स्टॅटिकली टाइप्ड भाषा. नोंदीतल्या कोणत्या फील्डमध्ये, म्हणजे रकान्यात, पूर्णांक आणि कशात स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, हा त्याचा टाइप आधी लिहून द्यावा लागतो. लिहिलेल्या प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर त्यावरून अख्खा प्रोग्रॅम तपासतो. पण काट्यावरून येणारा मजकूर कंपायलरने पाहिलेलाच नसतो. तो येतो प्रोग्रॅम चालू असताना. मजकुराचं टाइपमध्ये रूपांतर होतं तेव्हाच खरं-खोटं ठरतं, आणि सगळी काळजी तिथेच घ्यायची असते.

(दृश्य: पडद्यावर चाचणीचा निकाल.)

"काय बे, वजन आलं, नग आले, भाव शून्य?"

एरर नाही, इशारा नाही. मजकुरात भाव १०० स्पष्ट दिसतोय. एकाने सहज मजकुरात आणि प्रोग्रॅममध्ये नाव बदलून 'दर' केलं, आणि १०० आले. पुन्हा 'भाव' केलं, पुन्हा शून्य.

जेसनमधलं कोणतं नाव कोणत्या फील्डला जोडायचं, ते गोमध्ये फील्डपुढच्या टॅगमध्ये लिहितात. या टॅगमध्ये युनिकोडची अक्षरं, अंक आणि काही विरामचिन्हंच चालतात. युनिकोडच्या हिशोबाने द, र, व, ज, न ही अक्षरं. पण भा मधला काना अक्षर नाही. त्याचा वर्ग वेगळा, अक्षराला जोडून येणाऱ्या चिन्हांचा. म्हणून 'वजन', 'नग', 'दर' हे टॅग पास होतात आणि 'भाव' रद्द होतो. टॅग रद्द झाला की गो फील्डचं मूळ रोमन नाव शोधतं. ते मजकुरात नसतं. मग भाव अनोळखी म्हणून सोडून दिला जातो आणि फील्डमध्ये राहतं ते पूर्णांकाचं जन्मजात शून्य.

गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत हे मान्य केलेलं आहे: व्हेरिएबलच्या नावांत जोडचिन्हं मुद्दाम वगळली आहेत आणि त्यामुळे देवनागरीसारख्या लिप्या बाहेर राहतात. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. काना-मात्रेशिवाय मराठी लिहायची कशी?

पण नियम बदलायची वाट पाहत पट्ट्या थांबत नाहीत. दोघांनी आधी अनोळखी नावं नाकारण्याची सोय चालू केली. ती गोमध्ये २०१८ पासून, १.१० आवृत्तीपासून आहे. लगेच एरर आली: 'भाव' हे फील्ड ओळखीचं नाही. मग टॅग 'दर' केला आणि मोबाइलवरच्या ॲपमध्येही तेच नाव दिलं.

तरी अर्धंच काम झालं. काट्यावरच्या माणसाने भाव भरलाच नाही तर? नाव अनोळखी नाही, ते आलेलंच नाही. पुन्हा शून्य, पुन्हा शांतता. दोष इथे टाइपचा आहे. साधा पूर्णांक लिहिला म्हणजे भाव कायम असतोच असं आपण भाषेला सांगितलं, आणि ते खरं नाही. लिलाव न झालेल्या मालाला भाव नसतो. म्हणून फील्ड पॉइंटर केलं, म्हणजे त्यात आकड्याऐवजी आकड्याचा पत्ता राहतो. आकडा आला तर आकडा, नाही आला तर निल, म्हणजे काहीच नाही. आता भाव वापरण्याआधी तो आहे का, हे विचारावंच लागतं. न विचारता वापरला तर प्रोग्रॅम तिथेच कोसळतो, खोटी पट्टी छापत नाही.

रस्ट या दुसऱ्या भाषेत हीच नोंद, मजकुराचं टाइपमध्ये रूपांतर करणाऱ्या सर्दे लायब्ररीने वाचली असती, तर साध्या पूर्णांकाचं फील्ड मजकुरात नाही म्हणून सरळ एरर आली असती. नसणं चालणार असेल तर 'ऑप्शन' असं लिहून द्यावं लागतं. २०२१ च्या १.५३ आवृत्तीपासून तिथे फील्डचं नावसुद्धा 'भाव' ठेवता येतं, कान्यासकट. मला ही पद्धत जास्त पटते.

आकड्यांचंही एक पथ्य आहे. जेसनमध्ये संख्या फक्त इंग्रजी अंकांत लिहिता येते. देवनागरी अंक अवतरणात घातले तर ती स्ट्रिंग होते, आणि पूर्णांकाच्या फील्डमध्ये गो ती घेत नाही, एरर देतो. शिवाय दशांशाच्या बेरजा संगणकात नेमक्या होत नाहीत. ०.१ अधिक ०.२ केलं की शेपटाला भलतेच अंक लागतात. म्हणून इथे सगळी रक्कम पैशांत, पूर्णांकात. २ रुपये ४९ पैसे म्हणजे २४९.

(दृश्य: आडत दुकान. प्रिंटर, पट्ट्यांचा गठ्ठा.)

आज नोंदींमध्ये एका वक्कलाचा दर आला नाही. त्याची पट्टी छापली गेली नाही, आणि पडद्यावर वक्कलाचा नंबर लाल झाला. फोन लागला.

"काका, सतरा नंबरच्या वक्कलाला काय भाव लागला?"