३४ विजय, पराभव शून्य, तरीही शंका

नमस्कार श्रोतेहो.

एखादा संघ लागोपाठ ३४ सामने जिंकतो. एकही हरत नाही. देशाच्या क्रमवारीत दुसरा येतो. आणि तरीसुद्धा टीव्हीवरचे जाणकार रोज संध्याकाळी बसून वाद घालतात, की ही पोरं खरंच दुसऱ्या नंबरची आहेत का? आता ३४ पैकी ३४ जिंकल्यावर आणखी काय करायचं राहिलं, असं आपल्याला वाटेल. पण शंका घेणारे मूर्ख नव्हते. त्यांच्याकडे मुद्दे होते आणि त्यातले काही चांगलेच वजनदार होते.

ही गोष्ट २०१४ च्या मार्च महिन्यातली, अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची. संघ विचिटा स्टेट विद्यापीठाचा. विचिटा हे कॅन्सस राज्यातलं सर्वांत मोठं शहर. गावात विमानांचे कारखाने आणि गावाबाहेर पडलं की गहूच गहू. या संघाला म्हणतात 'शॉकर्स'. पूर्वी इथले विद्यार्थी सुगीच्या दिवसांत गव्हाच्या पेंढ्या बांधून रचायच्या कामाला जायचे, त्यावरून हे नाव पडलं. आजही सामन्याच्या वेळी मैदानाच्या कडेला डोळे वटारलेली, दात विचकणारी एक गव्हाची पेंढीच नाचत असते. प्रेक्षागार साडेदहा हजारांचं, आणि त्या हंगामात ते खचाखच भरायचं.

आधी ही क्रमवारी ठरते कशी, ते पाहू. अमेरिकेत पहिल्या श्रेणीत खेळणारे कॉलेजसंघ साडेतीनशेच्या वर आहेत. एकेक संघ हंगामात तीस-पस्तीस सामने खेळतो, म्हणजे बहुतेक संघांची आपसात कधी गाठच पडत नाही. मग कोण वरचढ ते सांगायचं कसं? तर असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था दर आठवड्याला देशभरातल्या साठ-पासष्ट क्रीडा पत्रकारांची मतं घेते. प्रत्येकाने आपले पहिले २५ संघ लिहून द्यायचे. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असं करत शेवटच्याला १. सगळ्यांची बेरीज झाली, की झाली क्रमवारी तयार.

म्हणजे ही माणसांची मतं आहेत, आणि माणसांना सवयी असतात. पत्रकार काय करतात? हंगाम सुरू व्हायच्या आधीच, एकही चेंडू उडालेला नसताना, पहिली यादी देतात. त्यानंतर जिंकणाऱ्याला जागेवर ठेवायचं, हरणाऱ्याला खाली ढकलायचं, आणि वर जागा रिकामी झाली की खालच्यांना एकेक पायरी चढवायचं. विचिटा स्टेट त्या वर्षी सोळाव्या क्रमांकावरून निघाला होता. तो हरेचना, वरचे एकेक करून हरत गेले, आणि हा दुसऱ्यावर येऊन थांबला. टीकाकार म्हणत होते ते हेच, की हा संघ चढलेला नाही, बाकीचे घसरलेत.

दुसरा मुद्दा जास्त टोचणारा होता. विचिटा स्टेट खेळायचा मिझुरी व्हॅली कॉन्फरन्समध्ये. कॉन्फरन्स म्हणजे त्या त्या भागातल्या विद्यापीठांचा गट, अर्ध्याहून जास्त सामने गटातच होतात. या गटातला विचिटाचा तगडा प्रतिस्पर्धी होता क्रेटन, आणि तो नेमका २०१३ मध्ये गट सोडून बिग ईस्ट या दुसऱ्या गटात गेला होता. मागे राहिले ब्रॅडली, ड्रेक, एव्हान्सव्हिल, सदर्न इलिनॉय असे संघ. त्यांच्याशी १८ सामने, त्यातले १८ जिंकले, त्यात काय मोठं? हे सामने केंटकी किंवा ड्यूकसारख्या बलाढ्य संघांना दिले असते, तर त्यांनीही जिंकले असते की.

ड्यूकने १८ पैकी १८ जिंकले असते का, याबद्दल मला दाट शंका आहे. लहान गावातल्या गच्च भरलेल्या हॉलमध्ये, जिथे यजमानांचा तो वर्षातला सर्वांत मोठा सामना असतो, तिथे दर आठवड्याला जाऊन जिंकायला दम लागतो. त्या जानेवारीत मिझुरी स्टेटच्या मैदानावर विचिटा १९ गुणांनी मागे पडला होता. तिथून ओढत आणून जादा वेळेत सामना काढला. हा सामना तेव्हा देशात फारसा कुणी पाहिला नसेल, पण संघाची जात कळते ती अशाच रात्री.

आणि गटाबाहेरचे सामने? तेही सोपे नव्हते. सेंट लुईसला त्यांच्या घरी जाऊन हरवलं, अलाबामाला त्यांच्या घरी हरवलं. ब्रिगम यंग आणि टेनेसी यांनाही हरवलं. यातला टेनेसी पुढे राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळांत पोहोचला आणि मिशिगनकडून अवघ्या दोन गुणांनी हरला. तरी एक गोष्ट मान्य करायलाच हवी. देशातल्या पहिल्या पाच-सहांत बसेल अशा संघाशी विचिटाची त्या हंगामात एकदाही गाठ पडली नव्हती.

आता यात दोष कुणाचा? आपल्याकडे कुस्तीत हे पूर्वापार चालत आलंय. गावोगावच्या जत्रांत एखादा पैलवान सगळ्यांना चितपट करत सुटतो. लोक म्हणतात, ठीक आहे रे, पण कोल्हापूरच्या तालमीतल्या मल्लाशी कुठे लढलाय? आणि तालमीचा वस्ताद मात्र जोड लावायला तयार नसतो. कारण सरळ आहे. जिंकलो तर कौतुक नाही, हरलो तर अब्रू गेली.

कॅन्ससमध्येच पाहा. लॉरेन्स गावात कॅन्सस विद्यापीठ आहे. बास्केटबॉलचा शोध लावणारे जेम्स नेस्मिथ तिथले पहिले प्रशिक्षक, म्हणजे घराणं केवढं मोठं बघा. विचिटापासून लॉरेन्स गाडीने दोन-अडीच तासांवर. पण १९९३ नंतर कॅन्ससने विचिटाशी हंगामात सामनाच ठेवला नव्हता. मोठ्या विद्यापीठांची रीतच अशी असते, की लहानांना आपल्या घरी बोलवायचं, वर हजारो डॉलर मानधन द्यायचं, हरवून परत पाठवायचं. त्यांच्या घरी मात्र जायचं नाही. आणि जो लहान संघ खरोखर धोकादायक झालाय, त्याला घरीसुद्धा बोलवायचं नाही. मग वर त्यालाच विचारायचं, तू कुणाशी खेळलास? हा मला निव्वळ ढोंगीपणा वाटतो.

पत्रकारांच्या मतांशिवाय एक आकड्यांची मोजणीही होती. तिला आरपीआय म्हणत. १९८१ पासून राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडताना ती वापरली जायची. तिचं सूत्र ऐकण्यासारखं आहे. तुमच्या स्वतःच्या विजयांना वजन फक्त २५ टक्के. ५० टक्के वजन तुमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना आणि उरलेले २५ टक्के त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना. किती गुणांनी जिंकलात, याला काहीच किंमत नाही. यातून गंमत अशी व्हायची, की तळाच्या संघाला ३० गुणांनी लोळवूनही तुमचा आकडा दुसऱ्या दिवशी खाली यायचा. गटातले सामने तर टाळता येत नाहीत. म्हणजे शेजारी अभ्यासात कच्चे निघाले, की मार्क तुमचे कापणार!

या सगळ्यातून विचिटाने निवड समितीकडून अव्वल मानांकन मिळवलं. राष्ट्रीय स्पर्धेत ६८ संघ असतात, त्यांचे चार विभाग, आणि प्रत्येक विभागात एकेका संघाला पहिलं मानांकन. फ्लोरिडा, अॅरिझोना, व्हर्जिनिया यांच्या पंगतीला विचिटा स्टेट बसला. स्पर्धेआधी अपराजित राहिलेला १९९१ च्या नेवाडा-लास व्हेगासनंतरचा हा पहिला संघ होता. आणि त्याआधी १९७९ मध्ये असाच एक संघ ३३ सामने जिंकून अंतिम फेरीत गेला होता, तोही याच मिझुरी व्हॅलीचा. इंडियाना स्टेट. त्यात लॅरी बर्ड नावाचा मुलगा होता, पुढे बास्केटबॉलमधला दिग्गज झालेला. अंतिम सामन्यात मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटने त्यांना हरवलं, पण म्हणून बर्डचा संघ पहिल्या क्रमांकाला लायक नव्हता, असं आज कुणी म्हणत नाही.

आता तो सामना. २३ मार्च २०१४, सेंट लुईस. पहिल्या फेरीत विचिटाने कॅल पॉलीला ६४-३७ असं सहज हरवलं होतं. दुसऱ्या सामन्यात समोर आला केंटकी. मानांकन आठवं, पण हे आठवं मानांकन फसवं होतं. हंगामाच्या आधी याच केंटकीला पत्रकारांनी देशात पहिला क्रमांक दिला होता. ज्युलियस रँडल, हॅरिसन जुळे भाऊ, जेम्स यंग, अशी शाळेतून नुकतीच आलेली देशातली निवडक पोरं एका संघात. ती हंगामभर चाचपडत राहिली, दहा सामने हरली, शेवटी पहिल्या २५ मधूनही बाहेर गेली. आणि नेमकी मार्चमध्ये जमून आली.

मी कॉलेज बास्केटबॉलचे बरेच सामने पाहिलेत, पण इतका तुल्यबळ सामना क्वचितच. विचिटाचा क्लीअँथनी अर्ली त्या दिवशी भन्नाट खेळला. ३१ गुण एकट्याचे. रॉन बेकरचे २०. तिकडे अँड्र्यू हॅरिसनचे २० आणि आरोन हॅरिसनचे १९. इकडून बास्केट झाली, की तिकडून उत्तर. कुणीच सुटून पुढे जात नव्हतं. अखेरीला जेम्स यंगच्या थ्री-पॉइंटरने केंटकीला आघाडी मिळाली. शेवटच्या काही सेकंदांत विचिटा दोन गुणांनी मागे, चेंडू फ्रेड व्हॅनव्लीटच्या हातात. त्याने भोंगा वाजता वाजता तीन गुणांचा फटका मारला. पडला असता तर विचिटा एका गुणाने जिंकला असता. चेंडू आत गेला नाही. ७८-७६. ३५ विजय आणि एक पराभव, हंगाम खलास.

दुसऱ्या दिवशी शंकेखोरांनी एकच सूर लावला, की बघा, आम्ही म्हणत होतो ना?

मला हा सूर अजिबात पटत नाही. त्या केंटकीने पुढे काय केलं ते बघा. आधीच्या वर्षीच्या विजेत्या लुईव्हिलला हरवलं, मिशिगनला हरवलं, विस्कॉन्सिनला एका गुणाने हरवलं आणि थेट अंतिम सामन्यात गेले. तिथे कनेक्टिकटकडून ६०-५४ असे हरले. म्हणजे देशात शेवटच्या दोनांत पोहोचलेल्या संघाशी विचिटा शेवटच्या फटक्यापर्यंत बरोबरीने झुंजला होता. हंगामभर ज्या परीक्षेची मागणी होत होती, ती झाली, आणि माझ्या हिशेबाने विचिटा तीत उत्तीर्ण झाला. गुणफलकावर दोन गुण कमी पडले, एवढंच. पहिल्या क्रमांकावरच्या फ्लोरिडाचं काय झालं? तेही याच कनेक्टिकटकडून उपांत्य फेरीत दहा गुणांनी हरले. फ्लोरिडाची क्रमवारी खोटी होती, असं कुणी म्हणालं नाही.

गोंधळ होतो तो इथे. क्रमवारीत दोन वेगवेगळे प्रश्न आपण एकाच आकड्यात कोंबतो. आजवर तुम्ही काय कमावलंत, हा एक. उद्या समोरासमोर उभे राहिलात तर कोण जिंकेल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर खातेवहीत असतं, दुसऱ्याचं फक्त अंदाजात. पत्रकारांनी लुईव्हिलला पाचवा क्रमांक दिला होता, निवड समितीने त्याच लुईव्हिलला चौथं मानांकन दिलं, म्हणजे देशात साधारण तेरावा ते सोळावा. एकच संघ, एकच आठवडा, आणि दोन जाणकार मंडळांत इतका फरक! कारण दोघं वेगवेगळे प्रश्न सोडवत होते. पहिल्या प्रश्नाला विचिटा स्टेट दुसऱ्या क्रमांकाला पूर्ण लायक होता. दुसऱ्या प्रश्नाला, केंटकी किंवा फ्लोरिडाशी दहा सामने खेळवले तर? पाच-पाच झाले असते, असं मला वाटतं. त्याहून जास्त मी छातीठोकपणे सांगणार नाही.

पुढच्या वर्षी, मार्च २०१५ मध्ये, राष्ट्रीय स्पर्धेत कॅन्सस आणि विचिटा समोरासमोर आले. आता टाळायची सोय नव्हती. विचिटा ७८-६५ ने जिंकला. जिंकल्यावर विचिटाच्या गल्ल्यांत काय झालं असेल, त्याची कल्पना तुम्हीच करा. आणि ज्याचा शेवटचा फटका हुकला होता, त्या व्हॅनव्लीटला २०१६ मध्ये एनबीए या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत कुणीच घेतलं नाही. तो टोरोंटोच्या संघात मागच्या दाराने शिरला आणि २०१९ मध्ये त्यांच्या विजेत्या संघात होता.

आरपीआय २०१८ मध्ये मोडीत निघाली. तिच्या जागी नेट नावाची नवी मोजणी आली, जिच्यात प्रत्येक चढाईमागे किती गुण मिळवले आणि दिले, हेही धरतात. पण विचिटाने तोवर वाट पाहिली नाही. २०१७ मध्ये ३० विजय मिळवूनही समितीने त्यांना दहावं मानांकन टेकवलं, आणि त्याच वर्षी त्यांनी मिझुरी व्हॅली सोडली. मोठ्या गटात गेले. तिथे पहिल्याच हंगामात चौथं मानांकन मिळालं, मान मिळाला, आणि पहिल्याच सामन्यात तेराव्या मानांकनाच्या मार्शल विद्यापीठाने त्यांना घरी पाठवलं. त्याच स्पर्धेत शेवटच्या चारांत पोहोचला शिकागोचा लोयोला. अकरावं मानांकन. गट कोणता म्हणाल, तर विचिटाने नुकताच सोडलेला मिझुरी व्हॅली.

नमस्कार.