हलक्या ड्रोनला समुद्रावरून उडवणारी विजेची ताकद

नमस्कार मंडळी. भर समुद्रात युद्धनौकेचं एखादं यंत्र बंद पडतं आणि त्याचा सुटा भाग असतो जेमतेम दहा किलोचा. तेवढ्यासाठी हेलिकॉप्टर पाठवायचं? अमेरिकी नौदलाच्याच अभ्यासानुसार अशा तातडीच्या मालापैकी सुमारे 90 टक्के खेपा 50 पौंडांच्या, म्हणजे साधारण 23 किलोंच्या आतल्या असतात. हे काम ड्रोनचंच आहे. पण डेकवर लांब धावपट्टी नसते, मग ते उडवायचं कसं?

विमानवाहू नौकांवर अनेक दशकं वाफेचे कॅटापल्ट, म्हणजे विमानाला झटक्यात वेग देऊन डेकवरून उडवणारी यंत्रं आहेत. ताकद दांडगी, पण जोर आधीच ठरवावा लागतो; एकदा वाफ सुटली की मधेच तो सुधारता येत नाही. जड लढाऊ विमान तो झटका सोसतं, हलक्या ड्रोनचा सांगाडा खिळखिळा होऊ शकतो.

(ग्राफिक: रूळ आणि शटल)

आता हा विजेवर चालणारा कॅटापल्ट बघा. रुळाच्या कडेने कॉइलचे, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांचे तुकडे बसवलेत. विमानाला ओढणारं शटल जिथे पोहोचलंय, तेवढ्याच भागात वीज सोडली जाते. सेन्सर क्षणोक्षणी त्याची जागा कळवतात. वेग कमी पडला तर कंट्रोलर जोर वाढवतो, जास्त झाला तर उतरवतो, तेही विमान रुळावरून धावत असतानाच! मला तरी यातली खरी कमाल हीच वाटते.

2017 मध्ये अमेरिकी नौदलात दाखल झालेल्या 'जेराल्ड आर. फोर्ड' या विमानवाहू नौकेवर हीच यंत्रणा आहे. एवढी वीज दोन-तीन सेकंदांत जहाजाच्या जनरेटरकडून थेट ओढणं परवडत नाही, म्हणून ती आधी वेगाने फिरणाऱ्या जड रोटरमध्ये साठवतात. एका उड्डाणाला कमाल 122 मेगाज्यूल ऊर्जा मिळते. एक टनाचं ड्रोन ताशी 180 किलोमीटर वेगाला न्यायला लागतात फक्त सव्वा मेगाज्यूल. म्हणजे त्याच यंत्राला शंभरपट नाजूक हाताने काम करता यायला हवं.

भरवशाच्या बाबतीत मात्र सुरुवातीला बरंच काम बाकी होतं. दोन मोठ्या बिघाडांमध्ये 4,166 उड्डाणं अपेक्षित होती. फोर्डवरच्या जवळपास चार हजार उड्डाणांत ही सरासरी निघाली 181.

आणि छोट्या जहाजांचं काय? तोच ताशी 180 किलोमीटरचा वेग 90 मीटरच्या रुळावर गाठायचा तर ड्रोनवर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण 1.4 पट जोर येतो. रूळ 20 मीटरचाच असेल तर सहा पटींहून जास्त! तिथे मोटर कितीही हुशार असली तरी ड्रोनचा सांगाडा आणि आतल्या मालाचं पॅकिंग, दोन्ही त्या हिशेबानेच बनवावं लागतं.