चांदीची आगगाडी आणि रिझर्वेशनची खिडकी

मंडळी, नमस्कार. आत्ता ओळख करून देताना मला अभ्यासक वगैरे म्हटलं गेलं, म्हणून आधीच सांगतो, मी मुंबईत रेल्वेच्या रिझर्वेशन ऑफिसात क्लार्क होतो, नोकरी सगळी तिथेच गेली. आणि आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय ते ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे काही वर्षं आमच्या खात्याचे मंत्री होते. राजघराण्यातला माणूस राजकारणात आला की काय होतं हे मी वाचलं नंतर, आधी खिडकीच्या आतल्या बाजूने बघितलं. मला त्या माणसाबद्दल मनापासून आदर आहे, पण जे पटलं नाही तेही सांगणार आहे.

ग्वाल्हेरला जयविलास पॅलेस आहे, 1874 चा. दरबार हॉलमधल्या अवाढव्य झुंबरांखाली सगळे मान वर करून उभे असतात, मी मात्र अडकलो जेवणाच्या दालनात. लांबच लांब टेबल, त्यावर रूळ टाकलेले आणि त्या रुळांवर चांदीची छोटीशी आगगाडी, डब्यांमध्ये ब्रँडी आणि सिगार. जेवणं झाली की ही गाडी पाहुण्यांसमोरून फिरायची, कुणी बाटली उचलली की थांबायची, परत ठेवली की पुढे निघायची. ही हौस थोरल्या माधवराव महाराजांची, म्हणजे आपल्या माधवरावांच्या आजोबांची. पण आजोबांनी नुसतं खेळणं केलं नाही, संस्थानात खरी छोटी रेल्वेपण आणली, दोन फुटी रुळांची, ग्वाल्हेर ते श्योपूर जवळजवळ 200 किलोमीटर, आणि ती 2020 पर्यंत चालू होती, टपावर माणसं बसवून चालायची बिचारी. आजोबांचंच नाव नातवाला ठेवलं आणि तो नातू पुढे अख्ख्या देशाच्या रेल्वेचा मंत्री झाला.

आपण शिंदे म्हणतो, तिकडे सिंधिया म्हणतात. मूळ आपल्या साताऱ्याकडचं, कण्हेरखेडचं, आणि महादजींची समाधी तर इथे पुण्यात वानवडीला, शिंदे छत्री आपण सगळ्यांनी बघितलेली आहे. पण ग्वाल्हेर भागातल्या मतदाराला यातलं फारसं काही देणंघेणं नाही, त्याच्यासाठी ते "महाराज". आणि हे "महाराज" प्रकरण मला खटकतं, उघड सांगतो. मत देणारा माणूस मत मागायला आलेल्या माणसाच्या पाया पडतो हे लोकशाहीत बसत नाही, आणि माधवरावांना पहिली निवडणूक याच भांडवलावर मिळाली हेही खरं. 1971 ला, वय अवघं 26, ऑक्सफर्डहून शिकून आलेले, जनसंघाच्या तिकिटावर मध्य प्रदेशातल्या गुणा मतदारसंघातून उभे राहिले आणि निवडून आले. देशभर इंदिराबाईंची लाट होती आणि इकडे आई विजयाराजे भिंडमधून, मुलगा गुण्यातून आणि अटलबिहारी वाजपेयी खुद्द ग्वाल्हेरमधून, तिघेही जिंकले. हे तिसरं नाव लक्षात ठेवा.

त्याच्या आदल्या वर्षीची एक गोष्ट कायद्याच्या लोकांना माहीत असते, आपल्याला नसते. इंदिरा गांधींनी संस्थानिकांचे तनखे, म्हणजे सरकारकडून त्यांना दरवर्षी मिळणारे पैसे, बंद करायचं विधेयक आणलं, ते राज्यसभेत अगदी थोडक्यात पडलं, मग राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली. त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात जी केस झाली ती माधवराव शिंद्यांच्याच नावाने ओळखली जाते. नामांकित वकील नानी पालखीवाला संस्थानिकांच्या बाजूने उभे राहिले आणि डिसेंबर 1970 मध्ये संस्थानिक जिंकले. वर्षभरानेच सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे कायमचे गेले. आणि ज्यांच्या सरकारशी कोर्टात भांडले त्यांच्याच पक्षात माधवराव 1980 ला गेले.

मधे आणीबाणी. राजमाता, म्हणजे आई विजयाराजे, तिहार तुरुंगात आणि मुलगा नेपाळला, सासुरवाडीच्या देशात. मला हे अजून पचलेलं नाही. त्यांची बाजू असेल, होतीच, पण आई आत आहे म्हटल्यावर, असो. मायलेकांमधलं अंतर तिथूनच वाढत गेलं. 1977 ला जनता पक्षाची लाट असताना ते अपक्ष उभे राहून जिंकले आणि मग काँग्रेसमध्ये. आई आधी जनसंघात, मग भाजपच्या संस्थापकांत. एका वाड्यात दोन पक्ष ही आपल्याला नवीन गोष्ट नाही, पण इथे नुसते पक्ष नव्हते, मन तुटलेलं होतं.

आता 1984. ग्वाल्हेरमधून वाजपेयी, जन्म ग्वाल्हेरचा, शिक्षण तिथलं, आणि वाड्याचा आशीर्वाद असलेले. माधवराव तर गुण्याचे, त्यामुळे कुणाला काही वाटलं नव्हतं, आणि अर्ज भरायच्या अगदी शेवटच्या घटकेला काँग्रेसने माधवरावांना ग्वाल्हेरमधून उभं केलं, वाजपेयींना दुसरीकडे अर्ज भरायला वेळच उरला नाही. राजमाता वाजपेयींच्या बाजूला, म्हणजे स्वतःच्या मुलाच्या विरोधात. निकाल लागला, वाजपेयी जवळजवळ पावणेदोन लाख मतांनी पडले. इंदिराबाईंच्या हत्येनंतरची निवडणूक होती, त्यामुळे सगळं श्रेय माधवरावांचं म्हणता येत नाही.

पण माझ्या दृष्टीने त्यांची खरी कारकीर्द इथून पुढे. 1986 पासून राज्यमंत्री म्हणून रेल्वेचा स्वतंत्र कारभार त्यांच्याकडे आला. आजच्या मुलांना सांगून खरं वाटत नाही की तेव्हा रिझर्वेशन म्हणजे रजिस्टर, ही एवढी जाड, प्रत्येक गाडीचं वेगळं, तारखेप्रमाणे पानं, बर्थच्या आकड्यापुढे हाताने नाव लिहायचं, कॅन्सल झालं की खोडायचं आणि वेटिंगमधलं नाव वर घ्यायचं. तुम्हाला कलकत्त्याचं तिकीट पाहिजे आणि तुम्ही चुकून मद्रासच्या खिडकीच्या रांगेत उभे राहिलात तर तीन तासांनी मी तुम्हाला सांगणार, ही खिडकी नाही, पलीकडे जा. माणसं अक्षरशः रडायची हो. परतीचं रिझर्वेशन पाहिजे असेल तर तार करायची आणि वाट बघत बसायचं. रजिस्टर ज्याच्या हातात तो राजा, आणि त्या राजेपणाचा काय काय बाजार होत होता ते मी याच खात्याचा माणूस म्हणून सांगतोय, होत होता. दिल्लीत सुरू झालेलं कंप्युटर रिझर्वेशन त्या काळात मुंबई, मद्रास, कलकत्त्याला आलं. कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट! पहिल्या दिवशी प्रिंटरमधून करकर करत तिकीट बाहेर आलं आणि समोरच्या बाईंनी ते दोन्ही हातांत धरून वाचलं, मग विचारलं, यावर सही कोण करणार? सही लागत नव्हती.

काम आधीपासून सुरू होतं, शेकडो इंजिनियरांनी केलं, मंत्र्याने एकट्याने काही केलं नाही हे मला माहीत आहे. पण वरून माणूस मागे लागलेला असला की खालपर्यंत कळतं, आम्हाला कळत होतं. 1988 मध्ये शताब्दी एक्सप्रेस निघाली, नेहरूंच्या जन्मशताब्दीवरून नाव, पहिली गाडी नवी दिल्ली ते झाशी, अर्थात ग्वाल्हेरवरून. आपल्या गावाला गाडी नेली म्हणून लोक बोलले. बोलू देत. सकाळी जाऊन रात्री घरी परत यायची सोय मध्यमवर्गाला त्या गाडीने दिली.

नंतर 1991 ला विमान वाहतूक खातं. त्यांच्याच काळात खासगी विमान कंपन्या आकाशात आल्या. डिसेंबर 1992 मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप झाला, म्हणून उझबेकिस्तानकडून विमानं वैमानिकांसकट भाड्याने घेतली, आणि 9 जानेवारी 1993 ला त्यातलं एक तुपोलेव दिल्लीला धुक्यात उतरताना उलटलं आणि जळलं. 165 माणसं होती, एकही दगावलं नाही. तरी माधवरावांनी राजीनामा दिला. अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर 1956 ला रेल्वेमंत्री असलेल्या शास्त्रीजींनी दिला होता, पण तिथे माणसं गेली होती. इथे सगळे वाचलेले असताना हा माणूस खुर्चीवरून उठला, आणि जन्मापासून ज्याला कुणी ऊठ म्हटलं नसेल तो आपणहून उठतो याचं मला अजून अप्रूप आहे.

दुसऱ्यांदा 1996 ला, हवाला प्रकरणात, म्हणजे राजकारण्यांना बेकायदा पैसे दिल्याच्या आरोपांत, नाव आलं, मंत्रिपद सोडलं, काँग्रेसने तिकीट नाकारलं, मग स्वतःचा पक्ष काढून ग्वाल्हेरमधून मोठ्या फरकाने जिंकले. आरोप पुढे कोर्टात टिकले नाहीत. काँग्रेसमध्ये परत आले, पण 1998 ला ग्वाल्हेरमध्ये मताधिक्य जेमतेम 28 हजारांच्या आसपास, आणि पुढच्या वर्षी ते परत गुण्याला गेले. नऊ लोकसभा निवडणुका, एकही हरले नाहीत, पण मतदार मोजायला लागला होता हे त्या आकड्यात दिसतं. त्याच गुण्यात 2019 ला त्यांचा मुलगा सव्वा लाख मतांनी पडला. वाड्याची माणसं उभी राहिली की जिंकतातच, असं आता कुणी म्हणू नये.

जानेवारी 2001 मध्ये राजमाता गेल्या. इतकी वर्षं तुटलेलं होतं, तरी अग्नी मुलानेच दिला. आणि आठ महिन्यांनी, 30 सप्टेंबरला, कानपूरच्या सभेला जाताना मैनपुरीजवळ माधवरावांचं विमान पडलं. बरोबर पत्रकार होते, तेही गेले. ते 56 वर्षांचे होते.

तो रविवार होता. रविवारी आमचा काउंटर दोनला बंद व्हायचा. घरी येऊन जेवायला बसलो तर टीव्हीवर तेच. सोमवारी ऑफिसात एक नवीन लागलेला मुलगा होता, त्याने विचारलं, तुम्ही एवढे का गप्प? मी त्याला माळ्यावर घेऊन गेलो, तिथे एक जुनं रजिस्टर पडलं होतं, ते खाली काढलं, धूळ झटकली आणि एक पान उघडून दिलं. खाडाखोड, निळी शाई, लाल शाई, कोपऱ्यात वेटिंगची नावं पेन्सिलीने. तो म्हणाला, यातून तुम्ही नाव शोधायचे कसे? म्हटलं, बस, दाखवतो.