हॅवलॉक टोप्या आणि कांद्याची पिंपं

श्रोतेहो, नमस्कार. एप्रिल १८६१. अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी पेटली आणि उत्तरेत गावोगावी बायकांनी सैनिकांसाठी मदत मंडळं काढली. न्यूयॉर्कमधल्या मंडळींना एकत्र आणण्यात डॉ. एलिझाबेथ ब्लॅकवेल पुढे होत्या. जूनमध्ये सॅनिटरी कमिशन, म्हणजे सैनिकांच्या आरोग्याची आणि मदतीची व्यवस्था पाहणारी संस्था, स्थापन झालं.

पण त्याआधीची हॅवलॉकची गोष्ट ऐकाच. हॅवलॉक म्हणजे टोपीवर चढवायची पांढऱ्या कापडाची खोळ, मागे मानेवर पदरासारखी लोंबणारी. नाव कुणाचं? १८५७ च्या जुलैत कानपूरपाशी नानासाहेब पेशव्यांच्या फौजेशी लढलेल्या इंग्रज सेनापतीचं! हिंदुस्थानच्या उन्हात चालली, तर आपल्या पोरांनाही चालेल, असं म्हणून बायकांनी हजारोंनी शिवल्या. छावणीत मात्र कुणी घालेना. कानामागून मानेपर्यंत कापड, वारा अडतो, डोकं अधिकच तापतं. मग सैनिकांनी त्यांतून कॉफी गाळली, बंदुका पुसल्या. शिवण सुबक होती, कापड चांगलं होतं. काय हवंय, एवढंच कुणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे पूरग्रस्तांसाठी जुन्या साड्यांचे ढीग पाठवतात, तेव्हा मला हेच खटकतं. आधी विचारा, मग पाठवा.

कमिशनने ते विचारायला शिकवलं. रुग्णालयातला सदरा सैल हवा, बटणांऐवजी बंद हवेत, म्हणजे जखमी माणसाला न हलवता घालता येतो. खोकी भरायचीही रीत ठरली. आधी एकाच खोक्यात सदरे, मुरंब्याची बरणी, केक, सगळं कोंबलेलं असे. वाटेत बरणी फुटे, केक बुरसटे, सदरे चिकट होऊन वाया जात. म्हणून एका खोक्यात एकाच जातीची वस्तू. पुन्हा सांगते, एकाच जातीची. आत वर यादी, बाहेर ठळक खूण, यादीची नक्कल टपालाने. कोठारात माल निवडून प्रत्येक कपड्यावर कमिशनचा शिक्का मारत, म्हणजे वाटेत कुणी लांबवला तर ओळखता येई.

१८६३ मध्ये दक्षिणेतल्या व्हिक्सबर्ग शहरापाशी उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्या सैन्यात स्कर्व्ही, म्हणजे ताज्या भाज्या-फळांअभावी होणारा रोग, पसरू लागला. खारवलेलं डुकराचं मांस, कडक बिस्किटं आणि कॉफी, एवढाच शिधा. हिरड्यांतून रक्त येई, भरलेल्या जखमा उघडत. शिकागोहून कमिशनचं काम करणाऱ्या मेरी लिव्हरमोर आणि जेन होग यांनी गावागावांत हाक दिली: कांदे पाठवा, बटाटे पाठवा. बटाटे न शिजवता, कच्च्या चकत्या करून, पिंपात व्हिनेगर घालून पाठवत. न शिजवणं महत्त्वाचं, कारण उष्णतेनं क जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं, आणि स्कर्व्ही त्याच्याच अभावी होतो. त्या काळी हे शास्त्र कुणाला ठाऊक नव्हतं, गुण मात्र दिसत होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरात या दोघींनी कमिशनच्या कामासाठी पैसे उभारायला शिकागोत मोठी जत्रा भरवली. २५ हजार डॉलर मिळावेत अशी आशा होती, जमले त्याच्या तिपटीहून अधिक. गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा लिंकनने स्वहस्ते लिहिलेला मसुदाच तिथे ३,००० डॉलरना विकला गेला. आणि याच जत्रेचा मंडप बांधायचा करार करताना कंत्राटदाराने या दोघींच्या सह्या चालणार नाहीत म्हणून सांगितलं. पैसे द्यायला त्या तयार होत्या, पण शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयच्या कायद्यात विवाहित स्त्रीच्या सहीला किंमत नव्हती. सह्या नवऱ्यांच्या घ्याव्या लागल्या.