शाळेच्या नावाने दुकानात खातं उघडा

श्रोतेहो, नमस्कार. नाशिकच्या मेन रोड, रविवार कारंजा, शालिमार इथले स्टेशनरीचे दुकानदार, सातपूर-अंबडचे कारखानदार, छापखानेवाले आणि जिल्ह्यातले शिक्षक, आजचं बोलणं तुम्हा सगळ्यांसाठी आहे.

जून आला की शाळांमध्ये वह्या-दप्तरांचं वाटप होतं. ते चांगलंच आहे. पण वर्ग चालवायला शिक्षकाला जे लागतं ते त्या वाटपात सहसा नसतं. खडू, कार्डशीट, मार्कर, गोंद, लॅमिनेशनचे पाऊच, झेरॉक्स अशा वस्तू महिन्या-महिन्याला लागतात आणि बऱ्याचदा शिक्षकाच्या खिशातून येतात.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेत शाळेला अनुदान आहे. निकष असे: 30 पर्यंत पट, म्हणजे मुलांची संख्या, असेल तर वर्षाला 10 हजार रुपये, 31 ते 100 पटाला 25 हजार, 101 ते 250 ला 50 हजार. यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. वीजबिल, पाणी, किरकोळ दुरुस्तीही यातूनच. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या पाड्यावर 22 मुलांची शाळा असेल, तर 10 हजारांतून शिकवण्याच्या साहित्याला किती उरतील याचा अंदाज तुम्हीच करा. शिवाय हे पैसे जूनमध्येच हातात पडतील याची खात्री नसते.

म्हणून आमचं सांगणं असं. मदत करायची असेल तर वस्तू स्वतः निवडून देऊ नका. शाळेच्या नावाने एखाद्या स्टेशनरी दुकानात खातं उघडून द्या. समजा, तुम्ही 3 हजार रुपये भरले. दुकानदाराने एका वहीत शाळेचं नाव आणि जमा रक्कम लिहायची. शिक्षकाने यादी लिहून त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का घ्यायचा, चिठ्ठी देऊन माल उचलायचा. दुकानदाराने प्रत्येक वेळी शिल्लक रक्कम चिठ्ठीच्या शाळेकडे राहणाऱ्या प्रतीवर लिहून द्यायची. पैसे देणारा आणि माल निवडणारा वेगळा असला की उगाच रंगपेट्यांचे ढीग साचत नाहीत. दुकानदाराचा वाटा म्हणजे घाऊक भाव. एका केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटातल्या, सगळ्या शाळांनी याद्या एकत्र केल्या, तर पेन्सिलींचे खोके आणि खडूंच्या पेट्या अख्ख्या उचलता येतात, आणि मग घाऊक भाव देणं दुकानदारालाही परवडतं.

यादी करताना हिशोब मांडा. पहिली ते पाचवीला कायद्याने वर्षाला किमान 200 दिवस शाळा भरते. दिवसाला 4 खडू धरले तर 800 खडू, म्हणजे शंभराचे 8 डबे. पहिली-दुसरीच्या मुलाला महिन्याला एक पेन्सिल धरली तर 30 मुलांना 10 महिन्यांत 300. हरवणाऱ्या पेन्सिली धरून 350 मागवा. कार्डशीट 22 बाय 28 इंचांची मिळते. ए-फोर आकाराचे तुकडे एकाच दिशेने मांडून कापले तर चारच निघतात आणि बरीच वाया जाते. त्याऐवजी साडेपाच बाय चार इंचांची शब्दकार्डं कापली तर 28 निघतात आणि तुकडाही उरत नाही. व्हाइटबोर्ड मार्कर उभे ठेवू नका, आडवे ठेवा. उभ्या मार्करची शाई एका टोकाला बसते आणि भरलेला मार्कर संपला म्हणून फेकला जातो.

लॅमिनेशन बिघडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. अख्खा कागद लॅमिनेट करून मग कार्डं कापली की कागदाची कड उघडी पडते, ओल आत शिरते आणि थर सुटतात. आधी कार्डं कापा, पाऊचमध्ये थोडं अंतर ठेवून मांडा, आणि नंतर चारही बाजूंनी 3 मिलिमीटर प्लास्टिक राखून कापा. कोपरे गोल करा, टोकदार कोपरा लहान मुलांना लागतो.

आता कारखान्यांकडे आणि छापखान्यांकडे वळू, कारण इथे फुकटात मिळण्यासारखं पुष्कळ आहे. छापखान्यात जाड आर्टकार्डाच्या पट्ट्या कटिंगमध्ये उरतात आणि रद्दीत जातात. शब्दकार्डांना त्या उत्तम. फक्त एक लक्षात ठेवा, त्या गुळगुळीत असतात. स्केचपेन पुसलं जातं, खडूचा रंग धरत नाही. परमनंट मार्करच वापरा. पॅकिंगचे कोरे पुठ्ठे फलकांना आणि पेट्यांना चालतात. सुताराकडचे प्लायचे तुकडे अंकांच्या ठोकळ्यांसाठी मागा, पण 120 नंबरच्या पॉलिशपेपरने कडा घासूनच मुलांच्या हाती द्या. तेल लागलेलं, रसायनाच्या पोत्यातलं किंवा धारदार कडांचं धातूचं काहीही शाळेत पाठवू नका. साफ करून देऊ असं म्हणूनही नको.

बिलाबद्दल शिक्षकांनी जागरूक राहावं. बिल ‘मुख्याध्यापक’ आणि शाळेचं पूर्ण नाव असंच हवं. शिक्षकाच्या वैयक्तिक नावाचं बिल अनुदानाच्या हिशोबात अडकतं. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली, शार्पनर, खोडरबर, रंगखडू, नकाशे आणि पृथ्वीगोल यांवर जीएसटी शून्य आहे. झेरॉक्सच्या कागदावर मात्र 18 टक्के झाला. एकाच बिलात दोन्ही असतील तर दुकानदाराने ओळी वेगळ्या दाखवाव्यात. नोंदणीकृत व्यावसायिकाने भेट म्हणून दिलेल्या मालावर इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, हेही आधीच ठाऊक असावं. देणगी रोख घेऊ नका, थेट दुकानाच्या बँक खात्यात भरायला सांगा. आलेली मदत शैक्षणिक उठावात, म्हणजे लोकांकडून शाळेला मिळालेल्या मदतीच्या नोंदीत, लिहा, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचून दाखवा, आणि टिकाऊ वस्तू जडवस्तू नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) चढवा. देणाऱ्याला सहीची पोच द्या. फोटोची अट मात्र देणाऱ्यांनी घालू नये, मुलांना रांगेत उभं करून घेतलेले फोटो त्यांना अवघडवतात.

राहिली वेळ. इगतपुरी, पेठ, त्र्यंबकेश्वरकडे पाऊस लागला की खडू ओले होतात, कार्डशीट वाकते, गोंदाला बुरशी येते. तिकडचा माल मेअखेरपर्यंत केंद्रशाळेत, म्हणजे त्या केंद्राच्या मुख्य शाळेत, पोचवा, आणि सोबत घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा यादीत धराच. खात्यातली सगळी रक्कम जूनमध्ये संपवू नका. निम्मी दिवाळीच्या सुट्टीनंतरसाठी राखा, कारण मार्कर आणि पेन्सिली नेमक्या तेव्हाच संपलेल्या असतात.